राजधानी गेली, कचेरी राहिली

नागपूर जिल्हा कचेरीचा इतिहास कोणत्या सालापासून धरावा, याबद्दल वाद घालायला भरपूर जागा आहे. सरकारी हिशेबाने १८५४ हे साल निर्विवाद. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी भोसले वारले, पोटी वारस नव्हता, आणि गव्हर्नर-जनरल डलहौसीने दत्तकाची बाब निकालात काढून राज्य खालसा केले. राजवाड्यातले जडजवाहीर, हत्ती, घोडे लिलावात निघाले. रेसिडेन्सीची कमिशनरी झाली आणि नव्या नागपूर प्रांताचे नागपूर, भंडारा, चांदा, छिंदवाडा व छत्तीसगड असे पाच जिल्हे पाडण्यात आले. प्रत्येकावर एक डेप्युटी कमिशनर. आजच्या जिल्हाधिकाऱ्यांचे पूर्वज ते हेच.

मला विचाराल तर सुरुवात त्याच्या आधी, १८१८ला झाली. नोव्हेंबर १८१७मध्ये सीताबर्डीच्या टेकड्यांवर आप्पासाहेब भोसल्यांची फौज हरली. पुढल्या वर्षी त्यांना गादीवरून काढून अल्पवयीन रघूजींना बसवले गेले आणि राज्याचा कारभार रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स याने आपल्या हाती घेतला. त्याने मुलखाचे भाग पाडून त्यांवर सुपरिंटेंडंट नेमले. आजच्या नागपूर जिल्ह्याचा बहुतेक प्रदेश त्या वेळी ‘देवगड, घाटाखालचे’ या नावाने ओळखला जाई. नागपूर शहर वसवणारा गोंड राजा बख्त बुलंद देवगडचा. त्या घराण्याची आठवण दप्तरात शतकभर टिकून होती, ती अशी. जेन्किन्सचा १८२७चा अहवाल आज वाचला तरी थक्क व्हायला होते. परगणे, कमाविसदारांचे काम, पटेलांकडची वसुली, जमिनीचे प्रकार, विणकर, बाजार, सगळे त्यात उतरले आहे. पुढे १८३०पर्यंत कारभार दरबाराकडे परत गेला. पण जिल्हा फिरून पाहायचा आणि लिहून ठेवायचा, ही सवय त्याने लावून दिली. कचेरी म्हणजे इमारत नव्हे, ही सवय, असे मानले तर १८१८च खरे.

जिल्हा कसा आहे, हे थोडक्यात सांगायला हवे. कारण इथल्या कारभाराची बरीचशी भांडणे जमिनीच्या पोटातून आणि पाण्याच्या उतारातून निघालेली आहेत. पश्चिमेकडे काटोल-नरखेड भाग काळ्या बेसाल्टचा. तिकडचे पाणी जाम, वेणा या नद्यांनी वर्धेला मिळते. उरलेल्या बहुतेक जिल्ह्याचा उतार पूर्वेला. पेंच कन्हानला, नाग आणि पिवळी नदीही अखेर कन्हानला, आणि कन्हान वैनगंगेला. वर्धा आणि वैनगंगा पुढे प्राणहिता होऊन गोदावरीत जातात, तेव्हा काटोलच्या संत्र्याच्या बागेतले आणि मौद्याच्या धानाच्या बांधीतले पाणी शेवटी एकच होते. पण ते जिल्ह्याच्या हद्दीबाहेर. हद्दीच्या आत मात्र हे दोन वेगळे मुलूख आहेत. पश्चिमेला कापूस, ज्वारी, संत्री. पूर्वेला धान, तळी, आणि दक्षिणेला भिवापूरची मिरची. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी जंगल, आणि रामटेक, मनसर, कांद्रीच्या पट्ट्यात मँगनीज. खाली उमरेड आणि कामठी-सिल्लेवाडा भागात कोळसा. पश्चिमेच्या तहसिलीत काम केलेला माणूस पूर्वेला बदलून आला की पहिला हंगाम त्याचा शिकण्यातच जातो, हे आपल्यातल्या कोणालाही ठाऊक आहे.

१८६१ साली नागपूर प्रांत आणि सागर-नर्मदा प्रदेश एकत्र करून मध्य प्रांत निर्माण झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाले. त्यानंतर पंचाण्णव वर्षे हे शहर राजधानी होते. आधी चीफ कमिशनरची, १९२० नंतर गव्हर्नरची, १९०३पासून वऱ्हाडासह, आणि १९५० नंतर मध्य प्रदेश राज्याची. या काळातल्या इमारती अजून उभ्या आहेत. जुने सचिवालय, आज ज्याला विधानभवन म्हणतो ते कौन्सिल हॉल, न्यायालयाची घुमटाची वास्तू. नागपूरवर लिहिणारे बहुतेक लोक या इमारतींवरच लिहितात. आपल्या कचेरीकडे कोणी पाहत नाही, आणि त्यात नवल नाही. राजधानीच्या जिल्ह्याचे दुखणेच हे की प्रांताचा कारभार समोर चालतो आणि जिल्ह्याचा मागच्या अंगणात. उन्हाळा आला की प्रांताचे सरकार पचमढीला निघून जाई. फायली, कारकून, स्वयंपाकी, सगळा लवाजमा. डेप्युटी कमिशनर आणि तहसीलदार नागपूरच्या उन्हात इथेच. वसुली, टंचाई, आग, दंगा यांना पचमढी नव्हती.

जिल्ह्याचा आकारही याच सुरुवातीच्या काळात ठरला. १८६२ साली पश्चिम-दक्षिणेचा भाग तोडून वर्धा जिल्हा वेगळा करण्यात आला. उरले ते नागपूर, रामटेक, उमरेड आणि काटोल या चार तहसिलींचे ३,८४० चौरस मैल. १९०१च्या खानेसुमारीत जिल्ह्याची लोकसंख्या ७,५१,८४४ भरली, आधीच्या दशकापेक्षा किंचित कमी. कारण मधल्या दोन दुष्काळांचे वळ त्या आकड्यावर होते. शहराची लोकसंख्या होती १,२७,७३४. म्हणजे सहा माणसांतला एक नागपुरात, पाच खेड्यापाड्यांत आणि कसब्यांत. आता २०११चे आकडे पाहा. क्षेत्रफळ जवळपास तेच, ९,८९२ चौरस किलोमीटर; लोकसंख्या ४६,५३,५७०; त्यांतले २४,०५,६६५ लोक एकट्या नागपूर महानगरपालिकेच्या हद्दीत. तहसिली चाराच्या चौदा झाल्या: नागपूर शहर, नागपूर ग्रामीण, कामठी, हिंगणा, काटोल, नरखेड, सावनेर, कळमेश्वर, रामटेक, पारशिवनी, मौदा, उमरेड, भिवापूर, कुही. एवढ्या दोन ओळींच्या आकड्यांत एकशे दहा वर्षांचा इतिहास आहे, आणि कचेरीची सगळी डोकेदुखीही.

आता मालगुजारी. या प्रकरणाशिवाय नागपूर जिल्ह्याचा इतिहास सांगणे म्हणजे वेळेचा अपव्यय.

भोसल्यांच्या काळात गावचा पटेल हा वसुलीचा ठेका घेणारा असे. गाव त्याच्या मालकीचे नव्हते. १८६०च्या दशकात पहिले तीस-साला बंदोबस्त झाले, तेव्हा इंग्रज सरकारने या पटेलांना, ठेकेदारांना आणि दरबारी मंडळींना गावांची मालकी बहाल केली आणि मालगुजार नावाचा वर्ग कायद्याने उभा राहिला. मुंबई इलाख्यात शेतकऱ्याचा थेट सरकारशी संबंध होता. इथे मध्ये मालगुजार. सारा त्याने गोळा करायचा, ठरलेला हिस्सा सरकारात भरायचा, उरलेला ठेवायचा. त्याची स्वतःची कसलेली जमीन सीर आणि खुदकास्त. गावात राहून स्वतंत्र मालकीहक्काने जमीन धरणारे मालिक-मकबुजा. बाकीची कुळे, आणि त्यांतही हक्कांच्या पायऱ्या. १८९०च्या दशकातला दुसरा बंदोबस्त रेजिनाल्ड क्रॅडॉक याने केला. पुढे हाच गृहस्थ मध्य प्रांताचा चीफ कमिशनर झाला. बंदोबस्ताच्या तंबूतून निघालेला माणूस प्रांताच्या खुर्चीवर बसला, तेव्हा त्या काळी महसुली कामाला किती वजन होते, ते कळते. आज हे वजन कुठे गेले, ते आपण आपसांत बोलतोच.

मालगुजारीने कुळांचे भले केले, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. बेगार, नजराणे, बेदखली यांच्या गोष्टी पूर्वेकडच्या गावांत अजून सांगितल्या जातात. पण त्या पद्धतीने दोन गोष्टी मागे ठेवल्या आणि त्या आज आपल्याला सांभाळाव्या लागतात. एक, तळी. धानाच्या पट्ट्यात मालगुजारांनी बांधलेली आणि दुरुस्त ठेवलेली तळी आज ‘माजी मालगुजारी तलाव’ या नावाने सरकारी यादीत आहेत. लोक त्यांना सरळ मामा तलाव म्हणतात. दुसरी गोष्ट, कागद. बंदोबस्ताच्या वेळी गावागावाची मिसल तयार झाली. नकाशा, खसरा, जमाबंदी, आणि त्यासोबत वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावातल्या रूढींची नोंद: कोणत्या तळ्याचे पाणी कोणत्या पाळीने कोणाच्या शेतात जायचे, गाडीवाट कोणत्या धुऱ्यावरून, मासे धरायचा हक्क कोणाचा. रेकॉर्ड रूममध्ये लाल फडक्यातला बस्ता सोडून यातला एखादा जाड, पिवळा कागद हातात घेतला की समजते, शंभर वर्षांपूर्वीच्या कोणा कारकुनाने गावात बसून, लोकांना विचारून, पाण्याची पाळी शेतवार लिहून ठेवली आहे. हस्ताक्षर बहुधा सुरेख. मजकुरात फुशारकी एकही नाही.

मालगुजारी ३१ मार्च १९५१ रोजी संपली. १९५०च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने गावठाण, पडीत, जंगल, तळी सरकारकडे आली. सीर आणि खुदकास्त जमिनी मालगुजारांकडे राहिल्या. एका दिवसात या सगळ्या तळ्यांचा मालक बदलला. दुरुस्ती कोणी करायची, गाळ कोणी काढायचा, याचे उत्तर पाटबंधारे, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत एकमेकांकडे बोट दाखवून देत आले. १९५४च्या जमीन महसूल संहितेने भूमिस्वामी आणि भूमिधारी असे दोन वर्ग केले; १९६६चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १५ ऑगस्ट १९६७पासून लागू झाला तेव्हा ते भोगवटादार झाले. जुन्या मंडळींच्या तोंडी भूमिस्वामी अजून आहे.

मधल्या काळातला आणखी एक प्रयोग आज कोणाच्या लक्षात नाही. १९४८मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडात जनपद सभा आल्या. द्वारकाप्रसाद मिश्र यांची ही योजना. जिल्ह्याऐवजी तहसील हा स्थानिक स्वराज्याचा पाया मानायचा, तहसिलीला सभा, आणि महसूल व विकास एका छताखाली. नागपूर जिल्ह्यात तेच झाले. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि जनपदे विसर्जित झाली. माझे स्वतःचे मत असे की तहसील हा एकक जिल्ह्यापेक्षा लोकांच्या पायाला जवळचा होता, आणि तो प्रयोग पुरता पिकण्याआधीच कापला गेला. मतभेदाला अर्थातच मुभा आहे.

स्मरणिकेत सुखाच्याच गोष्टी लिहायच्या असा संकेत असतो. पण कचेरीच्या हुकमांनी घडलेला इतिहास वगळला तर हा लेख अर्धा राहील. १९२३च्या झेंडा सत्याग्रहाचे मूळ जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या बंदीहुकमात आहे. तिरंगी झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये शिरायचे नाही, हा तो हुकूम. १ मेपासून रोज तुकड्या निघाल्या, रोज अटक झाली. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, नंतर वल्लभभाई पटेलांनी सूत्रे घेतली. देशभरातून माणसे आली. हजाराहून अधिक लोक तुरुंगात गेले. १८ ऑगस्टला झेंडा सिव्हिल लाइन्समधून गेला. ज्या रस्त्यावर त्याला बंदी होती, त्याच परिसरात आज आपले ध्वजारोहण होते.

राजधानीने जिल्ह्याला काय दिले, याची यादी मोठी आहे. १८६७ला रेल्वे, १८७७ला एम्प्रेस मिल, १९२३ला विद्यापीठ, १९३६ला उच्च न्यायालय. काय घेतले, हे मोजायचे असेल तर पाण्याच्या मागे जावे. भोसल्यांच्या वेळचा अंबाझरीचा बांध १८७०च्या सुमारास उंचावून नळ आले. ते अपुरे पडले तेव्हा गोरेवाडा. मग कन्हान. मग पेंच. दर वेळी शहर आणखी दूरच्या पाण्यापर्यंत पोचले. पेंचवरच्या नवेगाव खैरीतून नागपूरला येणारे पाणी आणि पारशिवनी-रामटेक-मौद्याच्या धानाला लागणारे पाणी एकाच साठ्यातले. पाऊस कमी झाला की कालवा समितीच्या बैठकीत कोण काय बोलणार, हे विषयपत्रिका न वाचता सांगता येते.

या पाण्याच्या गोष्टीला १ नोव्हेंबर १९५६ने वेगळेच वळण दिले. त्या दिवशी राज्य पुनर्रचना झाली. विदर्भाचे मराठी जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला गेली. सचिवालयातल्या माणसांची वाटणी झाली, फायलींची वाटणी झाली. ज्यांच्या वाट्याला भोपाळ आले, त्यांनी नागपूरची घरे आवरली. शहरासाठी हा मोठा धक्का होता आणि त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. जिल्ह्यासाठी त्याहून मोठी बाब दुसरीच होती. छिंदवाडा आणि नागपूर यांच्यामधली साधी जिल्ह्याची हद्द रातोरात राज्याची सीमा झाली. सौंसर, पांढुर्णा तिकडे राहिले. तिथल्या बागाही संत्र्याच्याच, बोलणे मराठीच, सोयरीक काटोल-सावनेरशीच. सातबारा मात्र इकडे आणि खसरा तिकडे. आणि पेंच नदी. १९५६पर्यंत तिचा वरचा आणि खालचा भाग एकाच सरकारच्या, म्हणजे नागपूरच्याच हुकमतीत होता. त्यानंतर ती आंतरराज्य नदी झाली. तोतलाडोहचा प्रकल्प दोन राज्यांच्या करारातून झाला; वरच्या अंगाला चौराईचे धरण झाल्यावर इकडे येणारा येवा घटला. राजधानी जाण्याची खरी किंमत जिल्ह्याने इमारतींत मोजली नाही, ती पाण्याच्या दशलक्ष घनमीटरांत मोजतो आहे.

कचेरीत मात्र त्या दिवशी फारसे काही हलले नाही. डेप्युटी कमिशनरचा मुंबई राज्याच्या शिरस्त्याप्रमाणे पुढे कलेक्टर झाला, मुद्रांक बदलले, पत्रव्यवहाराचा पत्ता बदलला. पटवारी हलके तेच, बस्ते तेच. सरकारे येतात-जातात तेव्हा रेकॉर्ड रूम जागेवर राहते, म्हणूनच लोकांच्या जमिनी जागेवर राहतात.

२८ सप्टेंबर १९५३च्या नागपूर कराराने ठरले होते की सरकार दर वर्षी काही काळ नागपुरात येईल आणि विधिमंडळाचे एक अधिवेशन इथे होईल. १९६०पासून हिवाळी अधिवेशन भरू लागले आणि नागपूर उपराजधानी झाले. तेव्हापासून वर्षातले काही आठवडे जिल्हा प्रशासन दुसरेच काम करते. रविभवन, नागभवन, आमदार निवास, हैदराबाद हाऊस. गाड्या ताब्यात घेणे, खोल्यांचे वाटप, पासेस, मोर्चांचे मार्ग. त्या दिवसांत कोणत्याही तहसिलीत जा, अर्धे कर्मचारी ‘अधिवेशन ड्यूटी’वर. फेरफार, मोजणी, दाखले मागे पडतात आणि गावाकडचा माणूस दाराशी येऊन परत जातो. हे लिहिताना २३ नोव्हेंबर १९९४ विसरता येत नाही. आरक्षणाच्या मागणीसाठी आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसे गेली. त्यांत बायका आणि लेकरे बरीच होती. सीताबर्डीला त्यांचे स्मारक आहे. उपराजधानीचा मान मिरवायचा तर ही तारीखही आपल्या खात्यावर लिहून ठेवली पाहिजे.

शहर वाढत गेले तशी महसुली गावे त्याच्या पोटात गेली. अजनी, टाकळी, सोमलवाडा, बाबुलखेडा, वाठोडा ही सगळी एके काळची मौजे. आज तिथे दहा मजली इमारती आहेत, पण खरेदीखत काढून पाहा: मौजा अमुक, प.ह.नं. अमुक, ख.क्र. अमुक, तहसील व जिल्हा नागपूर. सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहणारा माणूसही कागदावर अजून खसऱ्यातच राहतो. मधल्या काळात शेतांचे प्लॉट पाडून सहकारी संस्थांनी विकले, अकृषक परवाना कोणी विचारला नाही, आणि अशा अनधिकृत ‘५७२’ व ‘१९००’ लेआउटचे आकडे नागपुरात पोरासोरांना पाठ झाले. २००१च्या गुंठेवारी कायद्याने ते नियमित करण्याचे काम सुरू झाले, त्याचे अर्ज अजून संपलेले नाहीत. नगरपालिका १८६४ची, सुधार प्रन्यास १९३६च्या कायद्याचा, महानगरपालिका १९५१ची, आता महानगर प्रदेश प्राधिकरण. शहरासाठी संस्थांवर संस्था झाल्या. कुहीच्या किंवा भिवापूरच्या माणसासाठी अजूनही तहसील हेच सरकार.

म्हणून या लेखाच्या शेवटी एक विनंती. वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रक हे जुन्या काळाचे अवशेष नाहीत. १९६६च्या अधिनियमात ती दोन्ही आहेत, कलम १६५ आणि कलम १६१. गावची चराई, सरपण, गाडीवाट, तळ्याचे पाणी, स्मशान, खळवाड यांचे हक्क त्यांवर उभे आहेत, आणि खाण, लेआउट किंवा रस्त्यासाठी पडीत जमीन देण्याचा प्रस्ताव येतो तेव्हा गावाकडे दाखवायला तोच एक कागद असतो. सरपंचांनी, ग्रामसेवकांनी, शाळेच्या मास्तरांनी आपल्या मौजाच्या निस्तार पत्रकाची आणि वाजिब-उल-अर्जची नक्कल तहसील कचेरीत अर्ज करून मागून घ्यावी, ग्रामसभेत एकदा मोठ्याने वाचावी आणि पंचायतीच्या दप्तरात ठेवावी. आणि आपल्या कचेरीतल्या तरुण सहकाऱ्यांना एवढेच सांगणे: असा अर्ज टेबलावर आला तर तो अधिवेशन संपेपर्यंत बाजूला ठेवू नका.